आउट कोण काढणार?

परवा रात्री तू त्या कार्बनच्या चाकांचा फोटो पाठवलास. सव्वा लाखाची जोडी, आणि खाली तीनच शब्द : मामा, घेऊ का? उत्तर आलं नाही म्हणून रागावली असशील. मला फोनवर दोन ओळींच्या वर टंकता येत नाही आणि हे काम दोन ओळींत उरकणारं नव्हे. शिवाय सकाळी सातलाच तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. "दादा, तिला नाही म्हणून सांग." एकीकडे बहीण, दुसरीकडे भाची, मध्ये सव्वा लाख. म्हणून सरळ वही घेतली.

मी कारखान्यात फिटर होतो आणि संध्याकाळी मित्राच्या दुकानात चाकं बांधायचो, हे तुला माहीत आहेच. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत दोनदा उतरलो आणि दोन्हीदा बोरघाटात मागे पडलो, तेव्हा हा जिंकणाऱ्याचा सल्ला नव्हे. मागे राहणाऱ्याला मात्र एक फायदा असतो. पुढच्यांपैकी कुणाचं काय कुठे मोडलं, ते त्याला वाटेत दिसत जातं.

चाक घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो, वजनाचाही नसतो. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, कोण काढणार, हा असतो. माझ्या काळचं ३२ स्पोकचं अ‍ॅल्युमिनियमचं चाक खड्ड्यात आपटलं की वाकडं व्हायचं. झालं तर झालं. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, ब्रेकच्या रबराला कुठे घासतंय ते बघायचं आणि स्पोकच्या चावीने इकडे पाव फेरा, तिकडे पाव फेरा. दहा मिनिटांत घरी. रिमला पोचा आला तरी लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून चार दिवस काम भागायचं. कार्बनची रिम वाकत नाही. मार बसला की एकतर तिला काहीच होत नाही, नाहीतर तडा जातो. मधली अवस्था जवळजवळ नसते. पोचा ठोकता येतो, तड्याला कोण ठोकणार?

हे ऐकून कार्बन म्हणजे काच असं मात्र समजू नकोस. बाजारात हा गैरसमज फार आहे. २०१० साली फाबियान कान्सेलाराने पॅरिस-रुबे जिंकली ती कार्बनच्या रिमांवर, आणि त्या शर्यतीतल्या दगडी फरसबंदीपुढे आपला सिंहगड रस्ता पावसाळ्यातसुद्धा बरा म्हणावा लागेल. चांगली बनवलेली कार्बनची रिम इतकी ताठ असते की वर्षानुवर्षं आउट येत नाही. पण कान्सेलाराच्या मागे सुटी चाकं घेऊन एक गाडी धावत होती. तुझ्यामागे कोण आहे? मी, आणि माझे गुडघे.

म्हणून ती चाकं घ्यायचीच ठरली तर दुकानदाराला आधी हे विचार. निपल, म्हणजे स्पोक आवळायच्या चाक्या, बाहेर आहेत की रिमच्या पोटात? पोटात असतील तर एक स्पोक आवळायला टायर काढा, टेप काढा, सगळं पुन्हा चढवा. दिसायला देखणं, दुरुस्तीला वैताग. त्यांच्या मापाचे चार-सहा स्पोक निपलसकट आत्ताच मागून घे, कारण चपट्या स्पोकचं नेमकं माप दोन वर्षांनी मिळेलच असं नाही. हबमधल्या बेअरिंगचा नंबर विचार. ६९०२ वगैरे ठरावीक नंबर असेल तर बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात काम होईल. "ते कंपनीचं खास आहे" असं उत्तर आलं तर खुर्चीवरून उठ. आणि रिम फुटली तर कंपनी काय देते, हे लिहून घे. तोंडी गॅरंटी म्हणजे पावसाळ्यातली छत्री, नेमक्या वेळी दुसऱ्याच्या घरी असते.

आता वेळेचा हिशोब. तो मी वहीच्या मागच्या पानावर केला आहे, वाटलं तर तपासून बघ.

तुझं वजन ५२ किलो, सायकल दहाची धरू. एकूण ६२. नवी चाकं तुझ्या आत्ताच्या चाकांपेक्षा फार तर अर्धा किलो हलकी. म्हणजे वजन एक टक्कासुद्धा कमी होत नाही. सिंहगडाच्या घाटाला तुला ५५ मिनिटं लागतात, त्यात फरक पडेल पंचवीसेक सेकंदांचा. अर्धा किलो म्हणजे किती, तर अर्धा लिटर पाणी. बाटलीतलं तेवढं पाणी पायथ्याशी ओतून टाकलंस तरी वजन तेवढंच कमी होतं. (खरोखर बाटली रिकामी घेऊन जाऊ नकोस. मागे एकदा गेलीस आणि वर दह्याच्या मडक्याशेजारी बसून होतीस.) दुकानात तुला सांगतील की फिरणारं वजन दुप्पट मोजावं लागतं. हे अर्धवट खरं आहे. रिमवरचं वजन वेग घेताना दुपटीच्या आसपास जाणवतं, पण एकसारखा चढ चढताना किलो हा किलोच असतो, मग तो रिमवर असो की पोटावर. आणि ज्यांच्यासाठी या हलक्या वस्तू आधी बनतात, त्या व्यावसायिक शर्यतवीरांना २००० सालापासून ६.८ किलोंहून हलकी सायकल वापरताच येत नाही. वजनाची गंमत त्यांच्यापुरती तिथेच संपली. उरला वारा.

वाऱ्याच्या बाबतीत खोल रिमांचा उपयोग खरा आहे, हे मीही मानतो. पण वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, आणि इथेच आपली गफलत होते. कंपनीची जाहिरात ताशी ४५ किलोमीटरची असते. त्या वेगाला चांगली जोडी साध्या चाकांच्या तुलनेत पंधरा-वीस वॅट वाचवत असेल, तर ताशी ३० ला तीच जोडी वाचवते पाचेक वॅट, आणि २४ ला दोन-तीन. तू एकटी सपाटीवर ३० ने जातेस. ४० किलोमीटरला ८० मिनिटं. त्यातलं साधारण एक मिनिट वाचेल. घोळक्यात कुणाच्या तरी मागे चिकटून गेलीस तर तेही नाही, कारण तिथे वारा पुढचा खातो.

एक मिनिट म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. १९८९ ची टूर द फ्रान्स आठ सेकंदांवर गेली. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटर, एकेकट्याने, घड्याळाविरुद्ध. लॉराँ फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता. ग्रेग लेमाँडने ते पन्नास भरून काढले आणि वर आठ घेतले. ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्यातली चाकं कुणी सांगत नाही. फिन्योंच्या सायकलला पुढे आणि मागे, दोन्हीकडे तबकडीसारखी भरीव चाकं होती. लेमाँडला फक्त मागे. म्हणजे चाकांत सरस होता तो हरला. लेमाँडने लावलं होतं हात पुढे एकत्र घेऊन वाकता येईल असं हँडल, आणि डोक्यावर निमुळतं हेल्मेट. फिन्यों उघड्या डोक्याने, मागे केसांची शेपटी उडवत आला. बिचाऱ्याला बैठकीच्या जागी गळूही झालं होतं, तेव्हा सगळं श्रेय हँडलला देऊ नये. पण वारा अडवतो कोण, हे त्यात दिसतं. सायकल नव्हे, माणूस. सायकलस्वार आणि सायकल मिळून वाऱ्याला जेवढा विरोध करतात, त्यातला तीन चतुर्थांश तरी माणसाचा असतो. तुझा तो निळा विंडचीटर उतारावर फुग्यासारखा फुगतो. तो घट्ट झाला की चाकांइतकं काम होईल, दीड-दोन हजारात. कोपर वाकवून, खालचं हँडल धरून अर्धा तास बसायची सवय केलीस तर त्याहून जास्त. ती फुकट आहे. पाठ दुखते एवढंच.

आणि टायर. पोरी, टायर! चाकाचा तो एकच भाग रस्त्याला लागतो आणि त्याच्याकडेच कुणी बघत नाही. तुझ्या सायकलबरोबर आलेले टायर जाड, ताठ, लाकडासारखे आहेत. चांगल्या मऊ रेसिंग टायरशी तुलना केली तर दोन्ही मिळून पंधरा-वीस वॅटचा फरक सहज निघतो, आणि तो ३० च्या वेगालाच मिळतो, ४५ गाठायची वाट बघावी लागत नाही. खर्च आठ-दहा हजार. आत शंभर ग्रॅमची काळी ट्यूब आहे, तिच्या जागी चाळीस ग्रॅमची टीपीयूची, म्हणजे पातळ प्लास्टिकची, घाल. दोन चाकांत मिळून एकशेवीस ग्रॅम गेले, आणि तेही अगदी कडेचे. टायर २८ मिलिमीटरचे घे, २५ चे नको, आणि हवा साठ पीएसआयच्या आसपास. बोटाने दाबून दगड लागला पाहिजे ही आपली जुनी समजूत. मीच ती कित्येकांच्या डोक्यात घातली आणि आता काढतो आहे. आपल्या रस्त्यांवर दगडासारखा टायर पुढे जाण्याऐवजी वर उडतो. उडण्यात ताकद जाते.

हवेवरून आठवलं, आणि हे नीट लक्षात ठेव. नव्या कार्बनच्या पुष्कळ रिमांना आतून टायर धरून ठेवणारी कड नसते. हुकलेस म्हणतात. त्यांच्यात ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते, आणि टायरही त्यांच्याच यादीतला लागतो. आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. बारीक टायर दिसला की तो प्रेमाने शंभर भरतो. टायर सुटला तर उतारावर काय होईल, ते लिहीत नाही. तू पाठवलेल्या फोटोत रिम तशीच दिसते. चाकं घेतलीस तर पंपाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

आता माझी फजिती. तुझ्या आईला अर्धीच माहीत आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एक कार्बनची जोडी घेतली होती. जुनी, एका ओळखीच्याकडून, अर्ध्या किमतीत. तेव्हा ब्रेक रिमवरच लागायचे. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होतो. पुढे एक ट्रक, त्याच्यापुढे एसटी, वळणांवर ओलांडायची सोय नाही. म्हणून ब्रेक हलकासा दाबून धरलेला, सतत, पाच-सात मिनिटं. आधी जळका वास आला. वाटलं ट्रकचा असेल. मग पुढच्या ब्रेकला दर फेऱ्याला धडधड व्हायला लागली आणि पुढच्या वळणाआधी ट्यूब फुटली. नशीब म्हणून कठड्याच्या बाजूला होतो. उतरून बघतो तर रिमची कड एका जागी फुगलेली, जिलबीच्या कडेसारखी. कार्बनचे धागे जळत नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारं राळेसारखं रसायन ठरावीक तापमानाला मऊ पडतं. हिशोब मी नंतर केला. मी आणि सायकल मिळून ८० किलो, उतार जवळपास सहाशे मीटरचा. त्यातून जी उष्णता निघते तिने दीड लिटर पाण्याला उकळी येईल. काही वारा नेतो, बाकीचं आधण मी दोन रिमांवर ठेवलं होतं. वाईपर्यंत सायकल हातात धरून आलो. तुझ्या मामीला "पंक्चर झालं" एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

ही भीती फार जुनी आहे, बरं का. टूर द फ्रान्समध्ये सुरुवातीची कित्येक वर्षं लाकडी रिमा चालायच्या, कारण धातूची रिम उतारावर तापली तर टायरचा डिंक वितळेल अशी धास्ती होती. १९३४ साली अँतोनँ मान्यने माविक कंपनीच्या ड्युरॅल्युमिनच्या रिमा वापरल्या आणि धातूला बंदी म्हणून त्यांना लाकडासारखा रंग दिला होता, असं सांगतात. ती टूर त्याने जिंकली. नव्या वस्तूवर जुन्या वस्तूचा रंग चढवावा लागला. आता उलटं झालंय, अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांना कार्बनच्या विणीचे स्टिकर लावतात.

तुझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, म्हणून हा धोका तुला नाही. शर्यतींत २०१८ पासून डिस्कला पक्की परवानगी मिळाली आणि रिमवरचं आधण उतरलं. पण तुझी मैत्रीण जुनी रिम ब्रेकची सायकल घेते आहे म्हणालीस. तिला सांग, घाटासाठी अ‍ॅल्युमिनियमच ठेव. कार्बन असेलच तर ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाआधी जोरात दाबायचा आणि सोडायचा, रिमला श्वास घेऊ द्यायचा. ब्रेकचे रबरही कार्बनचे वेगळे असतात. अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेले त्यावर चढवायचे नाहीत, त्यात धातूचे कण रुतलेले असतात आणि ते रिम ओरबाडतात.

जुनी जोडी कुणीही, कितीही गोड बोलून देऊ केली तरी नाणं घेऊन जायचं. एक रुपयाचं चालेल. रिमवर गोल फिरत टकटक करत जायचं. सगळीकडे टक, टक, आणि एके जागी थप वाजलं तर आतले थर सुटलेत. चहा पिऊन परत यायचं. मी त्या जोडीवर नाणं वाजवलं नव्हतं.

खोलीचं थोडक्यात सांगतो. फोटोतली रिम साठ मिलिमीटरची दिसते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आपण गेलो होतो, आठवतं? जिथे सरकारला आणि कंपन्यांना पवनचक्क्या उभ्या कराव्याशा वाटतात, तिथे ५२ किलोच्या मुलीने साठची रिम पुढे लावून जाऊ नये. आडवा वारा पुढचं चाक शिडासारखं ढकलतो. मागचं खोल चाललं तरी चालेल, ते वळत नाही. पुढे पस्तीस-चाळीस पुष्कळ झालं.

आता तुझी बाजू. तू गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ चं नाव काढलं होतंस. ते खरोखर मनावर घेतलं असशील तर माझं गणित थोडं हलतं. पोहून आल्यावर ९० किलोमीटर, तेही कुणाच्या मागे न चिकटता, सगळा वारा अंगावर. तीन तासांत दोन-अडीच मिनिटं वाचतील, आणि नंतर २१ किलोमीटर धावायला पायांत थोडं जास्त उरेल. अशा शर्यतीत उतरणाऱ्या माणसाला ही चाकं शोभतात. पण तो माणूस आधी टायर, कपडे, बैठक आणि स्वच्छ चेन हे सगळं उरकून मग चाकांकडे येतो. तू उलट्या टोकाने आली आहेस. काळ्या तेलाने माखलेल्या तुझ्या चेनमध्ये तीन-चार वॅट तर नुसते अडकून पडले असतील. परवा बोट लावलं, अजून नखातून निघत नाही.

क्लबातल्या कुणाची तरी तशी जोडी आठवड्याभरासाठी माग. एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर चार फेऱ्या मार : आधी तुझी चाकं, मग त्यांची, पुन्हा त्यांची, शेवटी तुझी. म्हणजे दमणं आणि वाढता वारा दोघांच्या वाट्याला सारखा येतो. टायर दोन्हींवर एकच हवेत, नाहीतर टायरची कमाई चाकाच्या नावावर जमा होते. मग घड्याळ बघ.

आणि घड्याळाला काहीच दिसलं नाही, तरी ती चाकं हवीशी वाटली तर? तर मी दोष देणार नाही. खोल कार्बनच्या रिमचा वेगात येणारा तो घूं घूं आवाज मलाही आवडतो. १९८६ मध्ये मी तीन महिन्यांचा पगार घालून इटालियन ट्यूब्युलर चाकांची जोडी आणली होती. शर्यतीत ती दोनदाच लागली, बाकी वर्षं भिंतीवर खिळ्याला टांगलेली, आणि मी रोज जेवताना तिच्याकडे बघायचो. हौस म्हणून घे, हप्त्यावर घेऊ नकोस, आणि आईला "वेळ वाचतो" असं सांगू नकोस. तिला गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं.

शनिवारी संध्याकाळी ये. तुझी आत्ताची चाकं सायकलसकट घेऊन ये, टायर मी आणून ठेवलेत, त्यांचं बिल मागायचं नाही. ट्रूइंग स्टँड गच्चीच्या खोलीत आहे, त्यावरचं जुनं चाक काढू नकोस. स्पोकची चावी खिडकीत ठेवली आहे. त्या चाकाला डावीकडे दोन मिलिमीटर आउट आहे, तो मी मुद्दाम ठेवलाय.